लिनक्सवर टीव्हीचा रिमोट चालवायचाय? एक कमांड आणि एक फाईल पुरते

आमच्या हॉलमधल्या टीव्हीच्या मागे एक रास्पबेरी पाय, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर, चिकटवलाय, त्यावर कोडी हा गाणी-सिनेमे लावायचा प्रोग्रॅम चालतो, आणि कोडीत वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या कॅसेटी आहेत, नाट्यगीतं, अभंग, भावगीतं, मी एकेक करून त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. ऐकणारी आई. तिला माउस जमत नाही, चष्मा लावून तो बाण शोधायचा आणि हात जरा हलला की बाण भलतीकडे. मोबाईलवरचं रिमोट ॲप म्हणजे आधी मोबाईल कुठेय ते शोधा, लॉक उघडा, मग ॲप उघडा. एक दिवस तिने ड्रॉवरमधून बंद पडलेल्या सेटटॉप बॉक्सचा रिमोट काढला, प्लास्टिकचं कव्हर अजून चढवलेलं, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं, आणि म्हणाली, "अरे, हा चालतो का बघ ना त्याला, याची बटणं मला न बघता सापडतात."

चालतो. आज सहा महिने झाले, रोज चालतोय. पण तो चालेपर्यंत माझे दोन शनिवार-रविवार गेले, कारण नेटवर जे सापडलं ते बहुतेक सगळं जुन्या पद्धतीचं होतं, चार-चार कॉन्फिग फाईली, दोन डेमन म्हणजे मागे सतत चालणारे प्रोग्रॅम, आणि शेवटी एक बटण दाबलं की दोनदा दाबल्यासारखं व्हायचं. नंतर कळलं की यातलं जवळजवळ काहीच आता लागत नाही. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय, तुमचं काम अर्ध्या-पाऊण तासात व्हावं म्हणून.

आधी एक सांगून ठेवतो. कमांड, फाईलींची नावं, आकडे सगळं मी इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिलंय. टर्मिनलमध्ये टाइप करताना ते इंग्रजी स्मॉल अक्षरात आणि इंग्रजी आकड्यात टाका, डॅश, अंडरस्कोर, स्लॅश जिथे दिसतील तिथे तसेच. फक्त की_ ने सुरू होणारी बटणांची नावं कॅपिटलमध्ये.

आत नक्की काय होतं

हे दोन मिनिटं वाचाच, कारण पुढे काही अडलं तर नेमकं कुठे अडलंय ते यावरूनच कळतं.

रिमोटच्या टोकाला जो छोटा एलईडी असतो तो डोळ्याला न दिसणारा प्रकाश टाकतो, साधारण ९४० नॅनोमीटरचा. तो नुसता लागत-विझत नाही, सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याचे छोटे-मोठे तुकडे पाडून त्यात बटणाचा नंबर भरलेला असतो. समोरचा रिसीव्हर, ती तीन पायांची काळी गोळी, लुकलुक काढून टाकते आणि फक्त "आता चालू, आता बंद" एवढंच पुढे देते. हे चालू-बंद किती मायक्रोसेकंदाचं आहे ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मोजतो. त्यावरून भाषा ओळखतो, म्हणजे प्रोटोकॉल, आणि एक नंबर काढतो, त्याला स्कॅनकोड म्हणतात. मग एका तक्त्यात बघतो की हा स्कॅनकोड म्हणजे कुठलं बटण, आणि तो तक्ता म्हणजे कीमॅप. तिथून पुढे ते कीबोर्डचं बटण दाबल्यासारखंच सगळ्या प्रोग्रॅमना दिसतं.

मुद्दा हाच आहे. हे सगळं कर्नल स्वतः करतो. २०१० च्या सुमारास रिमोटचं हे काम कर्नलच्या आत आलं आणि आता एनईसी, आरसी-५, आरसी-६, सोनी, जेव्हीसी, शार्प, सान्यो असे नेहमीचे प्रोटोकॉल त्याला आपोआप कळतात. त्याच्या आधी हे काम एलआयआरसी नावाचा प्रोग्रॅम करायचा, त्याने खूप वर्षं लोकांची सोय केली, पण त्या काळात लिहिलेल्या सूचना अजून फिरतायत आणि नवीन माणूस त्यातच अडकतो. तुम्हाला साधं वर-खाली-ओके-आवाज एवढंच हवं असेल तर एलआयआरसी इन्स्टॉलच करू नका. आपल्याला फक्त तो तक्ता बदलायचाय.

सोल्डरिंगच्या आधी केबल तपासा

टीव्ही नवीन असेल आणि पाय एचडीएमआयने लावला असेल तर बहुधा तुम्हाला यातलं काहीच करावं लागणार नाही. एचडीएमआयच्या केबलमधूनच टीव्ही आपल्या रिमोटची बटणं पुढे पाठवू शकतो, त्याला सीईसी म्हणतात, पण प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, सॅमसंगच्या मेनूत एनीनेट प्लस शोधा, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते ऑन करा, पाय रीस्टार्ट करा, कोडीत टीव्हीच्याच रिमोटने बाण हलतोय का बघा. हलला तर इथेच थांबा, चहा प्या. साध्या डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डांत ही सोय बहुतेक नसते, आणि आमच्यासारखा जुना टीव्ही असेल तर प्रश्नच नाही, तेव्हा पुढे वाचा.

रिमोट जिवंत आहे का तेही आत्ताच बघून घ्या. मोबाईलचा कॅमेरा उघडा, रिमोट त्याच्याकडे धरून बटण दाबा, एलईडी जांभळट-पांढरा चमकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फी कॅमेऱ्यात बघा, मागच्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते. आईच्या रिमोटचा चमकला, पण ओकेचं बटण दाबल्यावर नाही. उघडून बघितलं तर आतल्या रबराच्या खालची काळी टिकली आणि बोर्ड यांच्यामध्ये चिकट थर बसलेला. कापसाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं, सुकू दिलं, चालू. हे आधी केलं नसतं तर मी सॉफ्टवेअरलाच दोष देत बसलो असतो.

रिसीव्हर कुठला घ्यायचा

तीन रस्ते आहेत. यूएसबीचा मीडिया सेंटर रिसीव्हर मिळाला तर सगळ्यात कमी कटकट, त्याचा एमसीई-यूएसबी ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, लावला की ओळखतो. दुसरा, फ्लर्कसारखा डोंगल, तो स्वतःलाच कीबोर्ड म्हणवतो, एकदा त्याच्या प्रोग्रॅमने बटणं शिकवली की पुढे कुठल्याही मशीनला लावा. महाग पडतो पण ज्यांना टर्मिनल नको त्यांना मी तोच सुचवतो. तिसरा म्हणजे पायच्या पिनांना थेट काळी गोळी लावायची. मी तेच केलं.

इथे जरा थांबून वाचा, कारण चूक झाली तर पाय जळू शकतो. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत दुकानदाराला "रिमोटचा सेन्सर द्या" म्हटलं की बहुतेक टीएसओपी १७३८ हातात पडतो. तो ४.५ ते ५.५ व्होल्टचा आहे. त्याला ५ व्होल्ट दिले की त्याच्या आउटपुटलाही ५ व्होल्टच येतात, आणि पायच्या जीपीआयओ पिना, म्हणजे बाहेरच्या वस्तू जोडायच्या पिना, फक्त ३.३ व्होल्ट सोसतात. म्हणून आग्रहाने टीएसओपी ३८२३८ मागा, तो २.५ व्होल्टपासून चालतो, किंवा व्हीएस १८३८बी, तो २.७ पासून. दोन्ही ३.३ वर मजेत चालतात.

आणि पाय, म्हणजे त्या गोळीचे पाय, त्यांचा क्रम सारखा नसतो. फुगीर बाजू आपल्याकडे धरली तर १७३८ मध्ये डावीकडून ग्राउंड, पॉवर, आउटपुट. ३८२३८ आणि व्हीएस १८३८बी मध्ये आउटपुट, ग्राउंड, पॉवर. जुनं चित्र बघून नवीन गोळी लावली की पॉवर उलटी जाते. लावल्यावर बोट लावून बघा, गरम लागली तर लगेच काढा.

जोडणी अशी. पायवरची १ नंबरची पिन म्हणजे ३.३ व्होल्ट, ती पॉवरला. ६ नंबरची ग्राउंड. ११ नंबरची पिन म्हणजे जीपीआयओ १७, ती आउटपुटला. लक्षात घ्या, पिनेचा नंबर ११ आणि जीपीआयओचा नंबर १७, हे दोन वेगळे हिशोब आहेत. वायर लांब असेल किंवा चार्जर स्वस्तातला असेल तर पॉवरच्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर आणि गोळीच्या अगदी जवळ पॉवर-ग्राउंडमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. काही रुपयांचं काम आहे, आणि मला तरी त्याने फरक पडला, आधी तीन मीटरवरून चार-पाच दाबांत एकदा तरी चुकायचं.

पायला सांगणं

कॉन्फिग फाईल उघडा. नवीन रास्पबेरी पाय ओएसवर, म्हणजे बुकवर्म या आवृत्तीपासून पुढे, ती इथे आहे:

/बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी

त्याआधीच्या ओएसवर मधलं फर्मवेअर नाही, थेट बूटमध्ये. आत खाली बघत जा, बहुतेक ही ओळ आधीच लिहिलेली सापडेल, पुढे हॅश लावून बंद केलेली:

डीटीओव्हरले=जीपीआयओ-आयआर,जीपीआयओ_पिन=१७

हॅश काढा, सेव्ह करा, रीबूट करा. ओळ नसेलच तर शेवटी स्वतः टाका. मी मुद्दाम १७ नंबर निवडला तो यासाठीच, की नवीन काही लिहावंच लागू नये. कुठल्या जुन्या लेखात एलआयआरसी-आरपीआय अशी ओव्हरलेची ओळ दिसली तर ती टाकू नका, ती जुन्या कर्नलची आहे, ४.१९ पासून तिची जागा या ओळीने घेतलीय.

लॅपटॉप किंवा डेस्कटॉपला यूएसबी रिसीव्हर लावणाऱ्यांनी हा सगळा भाग सोडून द्या, तुम्हाला इथून पुढे:

सुडो एपीटी इन्स्टॉल आयआर-कीटेबल

डेबियन, उबुंटू, पाय ओएस या तिन्हींवर पॅकेजचं नाव हेच. स्पेलिंग चुकू नये म्हणून सांगतो, आय-आर, डॅश, मग की आणि टेबल एकत्र. फेडोरा किंवा आर्चवर हा प्रोग्रॅम व्ही४एल-यूटिल्स नावाच्या पॅकेजात येतो. झालं की नुसतं एवढं टाका:

आयआर-कीटेबल

सिस्टिमला सापडलेले रिसीव्हर दाखवेल. प्रत्येकाला आरसी०, आरसी१ असा नंबर असतो. जीपीआयओ_आयआर_आरईसीव्ही नावाचा ड्रायव्हर दिसला की तोच आपला. पायवर एक गंमत होते, एचडीएमआयचं सीईसीही इथे रिसीव्हर म्हणूनच दिसतं, आणि पाय ४ ला दोन एचडीएमआय असल्याने आपला रिसीव्हर आरसी२ वरही जाऊन बसू शकतो. मी पहिल्या दिवशी आरसी० वर बटणं दाबत बसलो होतो आणि काहीच येत नव्हतं, कारण ते एचडीएमआय होतं. तेव्हा नंबर नीट बघा. मी पुढे आरसी० लिहितोय, तुमचा जो असेल तो टाका.

बटणांचे नंबर काढणं

आता मजेचा भाग.

सुडो आयआर-कीटेबल -एस आरसी० -सी -पी ऑल -टी

यात -एस म्हणजे कुठला रिसीव्हर, -सी म्हणजे जुना तक्ता पुसून टाक, -पी ऑल म्हणजे येत असतील तेवढ्या सगळ्या भाषा ऐक, आणि -टी म्हणजे जे ऐकू येईल ते दाखव. रिमोट समोर धरा, एक बटण एकदाच दाबा. एक ओळ उमटेल, तिच्यात प्रोटोकॉलचं नाव कंसात आणि पुढे स्कॅनकोड. बटण धरून ठेवलं तर एनईसीत रिपीट असा शब्द येतो, आरसी-५ मध्ये टॉगल दिसतं, ते काही चुकलेलं नाही, आधीचंच बटण अजून दाबलेलं आहे की सोडून परत दाबलं हे ओळखायची ती खूण आहे.

प्रोटोकॉलचं नाव लिहून घ्या. मग कंट्रोल-सीने बंद करून -पी ऑलच्या जागी फक्त तेच नाव टाकून परत चालवा, म्हणजे दुसरी भाषा मधे लुडबुड करणार नाही.

मी कागद घेऊन आईच्या शेजारी बसलो. तिने बटण दाबायचं आणि मोठ्याने नाव सांगायचं, "वर", "खाली", "आवाज वाढव", आणि मी पडद्यावरचा नंबर कागदावर लिहायचा. पंधरा बटणं, दहा मिनिटं. असंच करा, आणि ज्याच्यासाठी करताय त्यालाच दाबायला लावा, कारण मला वाटलं होतं मागे जायला तिला बॅकचं बटण लागेल, प्रत्यक्षात तिचा अंगठा दर वेळी एक्झिटवर जात होता. मग एक्झिटलाच मागे जायचं काम दिलं. दोन्हींना दिलं तरी चालतं, एकाच कामाला कितीही बटणं लावता येतात.

जुना रिमोट घरात नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या किटमध्ये तो छोटा सपाट रिमोट येतो, २१ बटणांचा, वर सीएच वजा, सीएच, सीएच अधिक लिहिलेलं असतं, तो घ्या. त्याची भाषा एनईसी. सरावाला उत्तम, म्हणून उदाहरण त्याचंच देतो.

तक्त्याची फाईल

ही ती एक फाईल. आधी /ईटीसी/आरसी_कीमॅप्स/ हा फोल्डर आहे का बघा, नसेल तर बनवा, आणि त्यात आई.टीओएमएल नावाची फाईल करा, नाव हवं ते द्या, शेपटी मात्र टीओएमएल. आत हे:

[[प्रोटोकॉल्स]]
नेम = "आई"
प्रोटोकॉल = "एनईसी"
[प्रोटोकॉल्स.स्कॅनकोड्स]
०एक्स१८ = "की_अप"
०एक्स५२ = "की_डाउन"
०एक्स०८ = "की_लेफ्ट"
०एक्स५ए = "की_राइट"
०एक्स१सी = "की_एंटर"
०एक्स४५ = "की_बॅकस्पेस"
०एक्स४३ = "की_स्पेस"
०एक्स१५ = "की_व्हॉल्यूमअप"
०एक्स०७ = "की_व्हॉल्यूमडाउन"

पहिल्या ओळीत चौकोनी कंस दोन-दोन आहेत आणि चौथ्या ओळीत एकेक, हा फरक पाळा. ०एक्स म्हणजे शून्य आणि एक्स, ओ नाही. इथे १८ म्हणजे त्या किट-रिमोटचं २ नंबरचं बटण, ५२ म्हणजे ८, ०८ म्हणजे ४, ५ए म्हणजे ६ आणि १सी म्हणजे मधलं ५. जुन्या कीपॅडच्या मोबाईलवर साप खेळलेल्या माणसाला हे लगेच जमतं. ४५ म्हणजे वर डावीकडचं सीएच वजा, ४३ म्हणजे प्ले.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट. ओकेच्या बटणाला की_ओके असं नाव कर्नलमध्ये आहे, कुणालाही तेच लावावंसं वाटतं, मीही लावलं. टेस्टमध्ये बटण बरोबर दिसतं पण कोडीत काहीच होत नाही. कारण असं की तुमचा डेस्कटॉप एक्स-ऑर्गवर, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमवर, चालत असेल तर एक्सला २५५ च्या पुढचे कीकोड कळतच नाहीत, आणि तो कर्नलच्या नंबरात ८ मिळवतो, म्हणजे कर्नलचे २४७ पर्यंतचेच पोचतात. की_ओके आहे ३५२. चॅनेल वर-खाली, इन्फो, लाल-हिरवी-पिवळी-निळी बटणं, की_न्यूमरिक_ ने सुरू होणारे आकडे, हे सगळे त्या पलीकडचे. म्हणून सरळ साध्या कीबोर्डवर जी बटणं असतात तीच नावं वापरा, ओकेला की_एंटर, आकड्यांना की_१, की_२. एवढं पाळलं की निम्मे त्रास आपोआप जातात.

कोडीसाठी मग कीबोर्डचे शॉर्टकट माहीत असले की झालं. एंटर म्हणजे निवडणं, बॅकस्पेस म्हणजे मागे, स्पेस म्हणजे थांबव-चालव, एक्स म्हणजे बंद, सी म्हणजे त्या गाण्याचा मेनू, आय म्हणजे माहिती, एस म्हणजे शटडाउनचा मेनू. लाल पॉवरच्या बटणाला मी की_पॉवर दिलं नाही, की_एस दिलं. आधी की_पॉवरच होतं, आईने सवयीने रात्री लाल बटण दाबलं, सिस्टिम सरळ बंद झाली, आणि पाय एकदा बंद झाला की रिमोटने परत चालू होत नाही, सकाळी ती माझी वाट बघत बसली. आता लाल दाबलं की मेनू येतो, चुकून दाबलं तर मागे येता येतं.

फाईल चढवून बघा:

सुडो आयआर-कीटेबल -एस आरसी० -सी -डब्ल्यू /ईटीसी/आरसी_कीमॅप्स/आई.टीओएमएल

किती बटणं लिहिली ते सांगेल, आणि प्रोटोकॉल बदलून एनईसी झाला हेही. परत -टी लावून बटण दाबा, आता स्कॅनकोडच्या जोडीला की_अप वगैरे नावंही दिसली पाहिजेत. दिसली की कोडी उघडा.

स्वतः सगळं लिहायच्या आधी /लिब/यूडेव्ह/आरसी_कीमॅप्स/ या फोल्डरमध्ये एकदा डोकावा, बऱ्याच रिमोटचे तयार तक्ते तिथे पडलेले असतात, तुमचा सापडला तर कॉपी करून फक्त ओकेसारखी दोन-चार नावं बदला. त्या फोल्डरमधली मूळ फाईल मात्र बदलू नका, अपडेट आलं की तुमचे बदल जातील, ईटीसीमधली टिकते.

रीबूटनंतरही टिकावं म्हणून

वरची कमांड रीबूट झालं की विसरली जाते. कायम करायला एक ओळ लागते, या फाईलीत:

/ईटीसी/आरसी_मॅप्स.सीएफजी

ओळीत तीन रकाने असतात, ड्रायव्हर, मूळ तक्ता, आणि कुठली फाईल चढवायची. आपली ओळ:

जीपीआयओ_आयआर_आरईसीव्ही * आई.टीओएमएल

मधला तारा म्हणजे मूळ तक्ता कुठलाही असो. ही ओळ फाईलीत आधीपासून असलेल्या ओळींच्या वर टाका, कारण वरून खाली बघताना जी पहिली जुळते तीच घेतली जाते, आणि पायचा रिसीव्हर मुळात एमसीईच्या, म्हणजे मीडिया सेंटरच्या रिमोटच्या, तक्त्यासह उठतो, त्याच्यासाठीची ओळ आत आधीच आहे. मी आधी शेवटी टाकली होती, आणि प्रत्येक रीबूटनंतर एमसीईचाच तक्ता परत येत होता. इथे आरसी० चा उल्लेखच नाही हेही चांगलं आहे, ड्रायव्हरच्या नावाने जुळतं, त्यामुळे नंबर बदलला तरी फरक पडत नाही. यूएसबी रिसीव्हर असेल तर आयआर-कीटेबलने ड्रायव्हरचं जे नाव दाखवलं ते पहिल्या रकान्यात.

लिब्रीएलेक, म्हणजे फक्त कोडीसाठी बनवलेलं लिनक्स, वापरत असाल तर तिथे ईटीसीत लिहिता येत नाही, त्याच दोन गोष्टी /स्टोरेज/.कॉन्फिग/ मध्ये ठेवा, फाईल आरसी_कीमॅप्स फोल्डरात आणि ओळ आरसी_मॅप्स.सीएफजी मध्ये. दोन्हींत लिहायची पद्धत तीच.

अडलं तर

टेस्टमध्ये काहीच उमटत नाही, रिमोट कॅमेऱ्यात चमकतो. मग कच्चा सिग्नल बघा:

सुडो आयआर-सीटीएल -डी /डेव्ह/एलआयआरसी० -आर

नावात एलआयआरसी असलं तरी हे कर्नलचंच डिव्हाइस आहे, तो जुना प्रोग्रॅम नाही. आकड्यांच्या ओळी येतील, अधिक म्हणजे प्रकाश, वजा म्हणजे अंधार, मायक्रोसेकंदात. सुरुवात साधारण अधिक ९००० आणि वजा ४५०० ने झाली तर तो एनईसीच्या घराण्यातला. इथेही काहीच नाही आलं तर वायर किंवा पिनेचा घोळ आहे, सॉफ्टवेअर बघू नका. बटण न दाबताच आकडे येत राहिले तर खोलीतला दिवा बघा. आमच्याकडे टीव्हीवरची ट्यूब लावली की कचरा यायचा, गोळी टीव्हीच्या खालच्या कडेला सरकवल्यावर थांबला. थेट ऊन पडतं तिथेही हीच गत.

आकडे येतायत पण प्रोटोकॉल ओळखत नाही, असंही होतं, काही सेटटॉप बॉक्सांच्या भाषा कर्नलला मुळात येत नाहीत. २०१८ च्या ४.१८ कर्नलपासून बीपीएफने, म्हणजे कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चढवायच्या सोयीने, बाहेरून भाषा शिकवायची सोय झालीय, आणि तयार तक्त्यांपैकी काही ती वापरतात, पण स्वतः करायला गेलात तर बराच वेळ जाईल. त्यापेक्षा दुसरा रिमोट घ्या, मनापासून सांगतो. एसीचा रिमोट तर यासाठी नकोच, तो प्रत्येक दाबाला तापमान, पंखा, मोड सगळं एकदम पाठवतो, त्याच बटणाचा सिग्नल दर वेळी वेगळा.

चालतोय पण जवळूनच, तर रिमोट ३६ किंवा ४० किलोहर्ट्झचा असू शकतो, फिलिप्सच्या घराण्यातले आरसी-५ आणि आरसी-६ ३६ वर, सोनीचे ४० वर. ३८ ची गोळी ते ऐकते, पण अंतर कमी होतं. हॉल लहान असेल तर निभावतं.

एकदा दाबलं की दोनदा होतं, तर कुठेतरी जुना एलआयआरसी चालू आहे. तो आणि कर्नल दोघंही तेच बटण पुढे पाठवतायत. काढून टाका:

सुडो एपीटी रिमूव्ह एलआयआरसी

आणि यादी धावत सुटते, एका दाबात पाच गाणी पुढे, हे वयस्कर माणसांच्या बाबतीत हमखास होतं, कारण ते बटण दाबून जरा धरून ठेवतात. कर्नल ५०० मिलिसेकंद थांबतो आणि मग दर १२५ ला परत दाबल्यासारखं करतो. ते वाढवा:

सुडो आयआर-कीटेबल -एस आरसी० -डी ८०० -पी २५०

इथे डी आणि पी दोन्ही कॅपिटल आहेत, एवढा अपवाद. स्मॉल पी टाकला तर तो प्रोटोकॉल समजेल. ही सेटिंग तक्त्याच्या फाईलीत लिहिता येत नाही, म्हणून मी रूटच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे आपोआप चालवायच्या कमांडच्या यादीत, ॲटरीबूटच्या ओळीत टाकलीय, आधी स्लीप २० देऊन, म्हणजे रिसीव्हर उठलेला असतो. ८०० माझ्या आईसाठी बरोबर बसलं. तुमच्याकडे शेजारी बसून, त्यांच्या हातात रिमोट देऊन, दोन-तीन आकडे लावून बघा.

सगळं लागलं की आई.टीओएमएल, आरसी_मॅप्सची ओळ, कॉन्फिगची ओळ आणि ही क्रॉनटॅबची ओळ पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. मेमरी कार्ड कधी ना कधी जातंच, आमचं मागच्या महिन्यात गेलं. नवीन कार्डावर ओएस टाकल्यावर रिमोट परत चालू करायला सात-आठ मिनिटं लागली, आणि संध्याकाळच्या अभंगाच्या आत झालं.